कागद कुणाचा?

माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी देशभर लागू झाला. त्याला वीस वर्षे उलटून गेली. या विषयावर बोलताना बहुतेक जण राजस्थानपासून सुरुवात करतात, काही जण राळेगणसिद्धीपासून करतात आणि एखादा फारच अभ्यासू असला तर तो थेट १७६६ सालच्या स्वीडनपर्यंत जातो. त्यात चूक काहीच नाही. जगातला अशा प्रकारचा पहिला कायदा स्वीडनचाच. पण मी जन्मभर इतिहास शिकवला तो सातारा जिल्ह्यात, आणि मला या गोष्टीचा उगम सातारच्या राजवाड्यातही दिसतो. तो कसा, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख. लेख थोडा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

(नव्या वाचकांसाठी एक खुलासा. आमचे कोरेगाव म्हणजे भीमा कोरेगाव नव्हे. हे सातारा जिल्ह्यातले, जरंडेश्वराच्या डोंगरापलीकडचे, पुणे-मिरज रेल्वेवरचे तालुक्याचे गाव. बाहेरगावचे लोक हमखास गल्लत करतात!)

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८१९ साली तह केला आणि त्यांच्याकडे सातारचे राज्य सोपवले. महाराज कर्तबगार निघाले. रस्ते, शहराचे पाणी, शाळा या सगळ्यांत त्यांचे लक्ष असे. कारभार चोख आणि रोजची रोजनिशी लिहिलेली. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी खूश होऊन त्यांच्यासाठी एक तलवार मंजूर केली. ती तलवार महाराजांच्या हाती कधी पडलीच नाही, कारण पुढच्याच वर्षी त्यांच्यावर बालंट आले.

बालंट असे की, महाराजांनी इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई फितवण्याचा प्रयत्न केला. पुढे त्यात गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याची आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याची भर पडली. १८३६ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात एक चौकशी मंडळ बसले. चौकशी गुप्त! साक्षी झाल्या त्या महाराजांच्या माघारी. महाराजांना बोलावून प्रश्न विचारले, पण ज्या जबान्यांवर सगळे प्रकरण उभे होते त्यांच्या नकला त्यांना दिल्या नाहीत. महाराजांची मागणी वर्षानुवर्षे एकच राहिली. माझ्यावरचा आरोप लेखी द्या, पुराव्याच्या नकला द्या आणि उघड चौकशी करा.

या प्रकरणात महाराजांविरुद्ध एक अर्ज वापरला गेला. तो तुरुंगात असलेल्या गोविंदराव दिवाणांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावाचा होता. हा अर्ज आपणच लिहिला, असे पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने कबूल केले. म्हणजे राजाविरुद्धचा कागद खोटा असण्याची शक्यता होती, आणि तो तपासायची संधी फक्त राजालाच नव्हती.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यात आले. त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर सही केली तर सगळे माफ. पण ती सही करणे म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखेच होते. न पाहिलेल्या पुराव्यावर आधारलेला गुन्हा कबूल करायला महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री त्यांना राजवाड्यातून उचलले आणि पुढे काशीला नेऊन ठेवले. १८४७ साली ते तिथेच वारले.

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते हे मात्र गप्प बसले नाहीत. ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे झुंजत राहिले. त्यांनी सभा घेतल्या, पत्रके छापली, पार्लमेंटच्या सभासदांच्या गाठी घेतल्या. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखी माणसे त्यांच्या बाजूने उभी राहिली. खुद्द साताऱ्यात रेसिडेंट राहिलेले लॉडविक पुढे महाराजांच्या बाजूने बोलले. इथे एक गंमत पाहण्यासारखी आहे, तिला गंमत म्हणायचे की विटंबना ते तुम्हीच ठरवा. कंपनीचे भागधारक होते त्यांची एक सभा असे आणि त्या सभेत उभे राहून भागधारक कंपनीचे कागद मागू शकत. म्हणजे लंडनमधला कुणी पैसेवाला कंपनीचा भाग विकत घेऊन साताऱ्याचे कागद मागू शकत होता, पण ज्याचे राज्य गेले त्या साताऱ्याच्या राजाला ते मागता येत नव्हते! शेवटी १८४० च्या दशकात पार्लमेंटच्या हुकमाने साताऱ्याची कागदपत्रे छापली गेली. कागद बाहेर आले, राज्य मात्र परत आले नाही. १८४८ साली डलहौसीच्या काळात ते खालसा झाले. रंगो बापूजी १८५३ साली परतले. १८५७ च्या उठावात त्यांच्या मुलाला साताऱ्यात गेंडामाळावर इतर सोळा जणांबरोबर मृत्युदंड झाला. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती शेवटपर्यंत लागले नाहीत.

मुलांना हा धडा शिकवताना मी दरवर्षी एक प्रश्न विचारत असे. महाराज हरले कशामुळे? फौज नव्हती म्हणून, फितुरी झाली म्हणून, अशी उत्तरे येत. ती बरोबरच. पण त्यात मी एक भर घालत असे. त्यांच्याविरुद्धचा कागद दुसऱ्याच्या कपाटात होता, म्हणूनही ते हरले. ज्याच्या कपाटात कागद असतो त्याला आवाज चढवावा लागत नाही, समोरच्याचाच आवाज आपोआप खाली येतो. शाळेच्या दाखल्यासाठी टेबलाशी उभ्या असलेल्या पालकांच्या चेहऱ्यावर मी हे रोज पाहिले आहे. जन्मतारीख त्यांच्याच मुलाची, जात त्यांचीच, आणि तरी ते हात जोडून उभे!

पुढे इंग्रजांनी या गुप्ततेला रीतसर कायद्याचे रूप दिले. सरकारी गुपितांचा कायदा आपल्याकडे १८८९ साली आला. कर्झनच्या काळात, १९०४ साली, तो आणखी कडक केला. लष्करी बाबींबरोबर मुलकी बाबींनाही त्यात ओढले. तेव्हा केंद्रीय कायदेमंडळात त्याला विरोध करणाऱ्यांत आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले होते. विरोध व्यर्थ गेला. १९२३ साली आलेला सरकारी गुपिते अधिनियम तर आजही पुस्तकात आहे. १९४७ साली झेंडा बदलला, पण फाईलवरची लाल फीत तीच राहिली. राजाचे झाले ते रयतेचे झाले, एवढाच काय तो फरक.

रयतेचे काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. १९७२ चा दुष्काळ. मी नुकताच बी. ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो. आमच्या तालुक्याचा पूर्वभाग तसा कमी पावसाचाच, त्या साली तर विहिरींचे तळ दिसले. सरकारने कामे काढली. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्त्याची खडी. चांगल्या घरच्या बायका डोक्यावर पदर ओढून खडी फोडायला बसत. दुपारी सुकडी मिळे. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. आपल्या राज्याची ही फार मोठी गोष्ट, तिने लाखो माणसे जगवली, हे मी आधी सांगतो.

पण त्या कामावर एक वही असे, हजेरीपट. कोण किती दिवस आले, किती घमेली माती टाकली, किती पैसे निघाले, सगळे त्या वहीत. आणि ती वही मजुराला दिसत नसे. आठवड्याला रांग लागायची, शाईच्या पॅडवर अंगठा दाबायचा, दाखवतील तिथे उमटवायचा आणि हातात पडतील ते पैसे कनवटीला लावायचे. शेजारच्या रकान्यात किती आकडा लिहिला आहे, वरच्या ओळीत कुणाचे नाव आहे, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. कामावर कधी न दिसलेल्या माणसांची नावे पटावर आहेत, अशी कुजबुज सगळीकडे असे. पण कुजबुजीला पुरावा लागतो आणि पुरावा त्या वहीत होता. प्रतापसिंह महाराजांची आणि खडी फोडणाऱ्या आक्कांची अडचण मला म्हणूनच एक वाटते.

ही गाठ सोडवली राजस्थानातल्या मजुरांनी. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्याबरोबरच्या गावकऱ्यांनी १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. मागणी किमान मजुरीची होती. पण मजुरी का कमी मिळते, असे विचारले की उत्तर यायचे, 'तुम्ही काम केलेच नाही, पटावर तसे लिहिले आहे.' मग पट दाखवा! इथून त्यांची मागणी मजुरीवरून कागदावर आली. १९९४ च्या डिसेंबरात कोट किराना गावी पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेले कागद गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि गावाने सांगायचे, खरे की खोटे. न झालेली कामे आणि न आलेले मजूर सगळ्यांच्या देखत उघडे पडू लागले. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले गेले.

आपल्याकडे चावडी वाचन आहेच की! तलाठी भाऊसाहेबांनी चावडीवर सातबारा आणि आठ-अ चे वाचन करायचे, कुणाचे नाव चुकले, कुणाचे राहिले, ते लोकांनी तिथेच सांगायचे. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नव्हती. राजस्थानच्या लोकांनी ती हजेरीपटाला आणि खर्चाच्या पावत्यांना लावली.

तोवर न्यायालयानेही दार थोडे किलकिले केले होते. १९७५ साली राज नारायण यांच्या खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी सांगितले की, सार्वजनिक कामे करणाऱ्यांनी जनतेच्या नावाने जे केले ते जाणून घेण्याचा जनतेला हक्क आहे. पण हक्क निकालपत्रात असून भागत नाही. तो वापरायला अर्ज कुणाकडे करायचा, किती दिवसांत उत्तर, नाही दिले तर काय, हे लिहिलेले लागते. तामिळनाडू आणि गोवा या राज्यांनी १९९७ साली कायदे केले. महाराष्ट्राने २००० साली केला, पण त्यात देण्यापेक्षा न देण्याच्याच तरतुदी भारी होत्या. अण्णा हजारे यांनी आंदोलन केले. माधव गोडबोले यांच्या समितीने नवा मसुदा तयार केला. सप्टेंबर २००२ मध्ये अध्यादेश निघाला आणि ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसलेले असताना राष्ट्रपतींची मंजुरी आली. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, ही महाराष्ट्राच्या कायद्यातली तरतूद पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यातही आली, कमाल २५ हजार रुपयांपर्यंत.

हा केंद्रीय कायदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याची भाषा मला आश्चर्याची वाटली. अर्जदाराने माहिती कशासाठी हवी ते सांगायचे कारण नाही. तीस दिवसांत उत्तर. प्रश्न कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. नुसती नक्कल नव्हे, तर मूळ फाईल डोळ्यांनी पाहायची, टिपणे काढायची आणि कामावर वापरलेल्या मालाचा नमुनासुद्धा मागायची सोय! आणि कलम ४ सांगते की, खरे तर कुणी मागण्याची वाटच पाहू नका, आपल्या कार्यालयाची माहिती आपणहून जाहीर करा. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही.

२००८ साली मी निवृत्त झालो आणि गावातले लोक 'गुरुजी, एवढा अर्ज लिहून द्या' म्हणून येऊ लागले. त्यातले दोन अनुभव सांगतो. एक विधवा बाई, तिचे निराधार योजनेचे प्रकरण दोन वर्षे अडकलेले. मी चार ओळी लिहिल्या. माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय काय कार्यवाही झाली, तो कोणत्या टेबलावर किती दिवस होता, याची माहिती द्यावी. बस्स, तक्रार नाही की विनंती नाही. माहिती आलीच नाही. त्याआधी मंजुरीचे पत्र आले! बाई पेढा घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्या कागदात अशी काय ताकद हाय वो? दोन वरसं चपला झिजवल्या, तवा कुणी बघितलं न्हाई." मी तिला म्हटले, ताकद कागदात नाही आक्का, 'किती दिवस होता' या प्रश्नात आहे. त्याचे उत्तर कुणालाही स्वतःच्या सहीने द्यायचे नसते.

दुसरा अनुभव एका वाडीच्या रस्त्याचा. पोरांनी अंदाजपत्रकाची आणि मोजमाप पुस्तकाची नक्कल काढली. पुस्तकात रस्ता जितका लांब होता तितका तो जमिनीवर नव्हता. पोरांनी टेप धरून मोजला, तारीख टाकून पंचनाम्यासारखा कागद केला आणि वर पाठवला. दोन महिन्यांनी रोलर परत आला आणि राहिलेला तुकडा पुरा झाला. कुणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात बातमी आली नाही. पण पावसाळ्यात त्या वाडीची मुले शाळेत कोरड्या पायांनी आली. माझ्या दृष्टीने कायद्याचे हे यश मोठे आहे.

याहून मोठी प्रकरणे सर्वांना ठाऊक आहेत. मुंबईच्या कुलाब्यातली 'आदर्श' सोसायटीची एकतीस मजली इमारत उघडी पडली ती कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात काढलेल्या कागदांमुळे. २०१० च्या नोव्हेंबरात त्यात मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. कोकणातल्या कोंढाणे धरणाचे कागद अंजली दमानिया यांनी असेच मिळवले आणि पाटबंधाऱ्यांच्या खर्चाची चर्चा राज्यभर पेटली.

पण याची किंमतही महाराष्ट्राने मोजली. जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणारे तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांचा खून झाला. त्याच वर्षी इचलकरंजीचे दत्तात्रय पाटील मारले गेले. शेट्टींना धमक्या येत होत्या, त्यांनी संरक्षण मागितले होते. दहा रुपयांच्या तिकिटावर मागितलेला कागद कुणाला इतका जड जात असेल, तर त्या कागदात काय असते याचा अंदाज करावा.

आता आमच्या भागातली खरी अडचण. सातारा-सांगलीकडे माणसाचे अर्धे आयुष्य सहकारात जाते. ऊस कारखान्याला, दूध संघाला, कर्ज सोसायटीचे, ठेव पतसंस्थेत. आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात निर्णय दिला की, सरकारची मालकी, नियंत्रण किंवा भरीव अर्थसाहाय्य नसेल तर सहकारी संस्था या कायद्याखाली येत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने निर्णयाला आधार आहे, मी वकील नाही. पण परिणाम असा की, ग्रामपंचायतीच्या नळाच्या तोटीचा हिशोब मागता येतो आणि ज्या काट्यावर वर्षाचा ऊस जातो त्या कारखान्याच्या फाटकाशी हा कायदा थबकतो. वाट अगदीच बंद नाही. संस्थेची जी माहिती निबंधकाच्या कार्यालयात असते किंवा कायद्याने त्याला मागवता येते, ती त्याच्यामार्फत मागता येते. सभासद म्हणून सहकार कायद्याखालचे हक्क वेगळे आहेतच. ते वापरणारे सभासद किती, हा प्रश्न मी विचारत नाही!

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकांगी होईल. छातीवर ओळखपत्र लावून 'माहिती अधिकार कार्यकर्ता' म्हणून हिंडणारे आणि अर्ज टाकून मग तो मागे घेण्याचे पैसे मागणारे महाभाग निपजले. एकाच माणसाचे शंभर-शंभर अर्ज, वैयक्तिक भांडणाची उसनवारी फेडण्यासाठी. तालुक्याच्या कार्यालयात प्रामाणिकपणे काम करणारे माझे विद्यार्थी आहेत, त्यांचा वैताग मी ऐकतो आणि तो मला पटतो. २०१२ साली राज्याने नियम केला की अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा. अनेकांनी त्यावर टीका केली. खरे सांगायचे तर मराठीच्या शिक्षकाला दीडशे शब्द पुरतात. पण ज्याने जन्मात अर्ज लिहिला नाही त्याला नेमका प्रश्न सापडेपर्यंतच दीडशे शब्द संपतात, हेही खरे. आणि लबाड अर्जदारांवर जालीम उपाय कलम ४ मध्येच आहे. सगळे आधीच भिंतीवर लावा, संकेतस्थळावर टाका, मग दडवलेले उघडे करण्याची भीती दाखवून कोण पैसे उकळणार?

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचे अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे घेतले. दुसरे अपील आयोगाकडे जाते, तिथे तारखेची वाट पाहण्यात वर्षे जातात, हा अनुभव जुनाच आहे. पण सगळ्यात मोठा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल तेव्हा अमलात आला.

पूर्वीचे कलम असे होते की, ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण अतिक्रमण होते, ती नाकारता येईल. आणि जोडीला एक सुंदर वाक्य होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. हे वाक्य आता गेले. उरले एवढेच की, माहिती वैयक्तिक असेल तर ती नाकारता येईल. कलम ८(२) शिल्लक आहे, म्हणजे जनहित मोठे आहे असे अधिकाऱ्याला वाटले तर तो देऊ शकतो. पण ते पटवून देण्याचे ओझे आता त्या निराधार बाईच्या डोक्यावर आले.

कुणी म्हणेल, खासगीपणा नको का? हवाच. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला आणि योग्यच केले. माझा आजार, माझे बँकेचे खाते गावाने का पाहावे? पण ती सोय जुन्या कलमात होतीच. आता पुन्हा हजेरीपटाचा विचार करा. हजेरीपटातून नावे काढली तर काय राहते? नुसते आकडे. अमुक मजूर, अमुक दिवस, अमुक रुपये. ती मंडळी खरोखर कामावर होती की दहा वर्षांपूर्वी वारलेली, हे गावाला कसे कळावे? कोट किरानाला जे झाले ते केवळ नावे मोठ्याने वाचली म्हणून झाले. घरकुलाची यादी, निराधारांची यादी, दुष्काळी अनुदानाची यादी, यांतली प्रत्येक नोंद कुणाचे तरी नाव असते आणि प्रत्येक नाव वैयक्तिक माहिती म्हणून झाकता येईल. मोजमाप पुस्तकावर ज्याची सही असते तोही माणूसच असतो.

साताऱ्याच्या चौकशी मंडळानेही जबान्या झाकताना काहीतरी कारण सांगितलेच असेल. कारणे नेहमी चांगलीच असतात. म्हणून कारण काय सांगितले त्यापेक्षा कागद कुणाला पाहता येतो आणि कुणाला येत नाही, हे पाहायची सवय मला इतिहासाने लावली.

मग आता करायचे काय? जे हातात आहे ते वापरायचे. पुणे महापालिकेत दर सोमवारी नागरिकांना फाईल पाहू देण्याची पद्धत २००९ साली सुरू झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक कार्यालयांतही सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ त्यासाठी ठेवायला सांगितले. आमच्याकडे सोमवार हा कोरेगावच्या बाजाराचा दिवस आहे. बाजाराला आलेल्या माणसाने पिशवी खाली ठेवून अर्धा तास कार्यालयात डोकवायला हरकत नाही. ग्रामसभेला जाऊन बसावे. यादी वाचून दाखवा म्हणावे, नावांसकट. नावे देता येणार नाहीत असे उत्तर आले तर ते लेखी मागावे, सहीनिशी आणि कारणासह, आणि कलम ८(२) चा उल्लेख करून अपील करावे. अपिलाला वीस रुपयांचे तिकीट लागते.

रंगो बापूजींना साताऱ्याचा कागद मिळवायला समुद्र ओलांडून चौदा वर्षे परमुलखात काढावी लागली. आपल्याला तहसील कचेरीपर्यंत जायचे आहे. अर्ज लिहिताना अडले तर माझ्याकडे यावे, सकाळी दहानंतर मी घरीच असतो.